तृप्तीचं वजन

माझा धंदाच संशयाचा आहे. मी वैधमापन खात्यात निरीक्षक आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर गावोगावच्या दुकानांत जाऊन वजनकाटे तपासतो. काटा कधी खोटं बोलत नाही असं लोक म्हणतात, तेव्हा मला हसू येतं. मी पाहिलेत तेवढे लबाड काटे कुणी पाहिले नसतील. त्यामुळे शर्वरीचं वजन पुन्हा उतरलेलं दिसलं, तेव्हा मी बायकोवर नाही, काट्यावर संशय घेतला.

ऑफिसातली प्रमाणित वजनं पिशवीत घालून घरी आणली आणि आमच्या काट्यावर एकेक करून मांडली. आई दारात उभी राहून बघत होती.

"बायकोचं वजन सरकारी मापानं तपासणारा नवरा पहिल्यांदाच बघितला बाई," ती म्हणाली.

"बायकोचं नाही, काट्याचं तपासतोय."

"मग? काय म्हणतोय काटा?"

काटा अगदी बरोबर होता. एखाद्या दुकानात असा काटा सापडला असता तर दुकानदाराची पाठ थोपटली असती. आपल्या घरात तो बरोबर निघाला, तर मी सगळी वजनं पुसून पुन्हा एकदा मांडली.

शर्वरी एसटीची ड्रायव्हर. कराड आगारात तिची विजेवरची मोठी गाडी, मार्ग कराड ते चिपळूण, म्हणजे रोजचा कुंभार्ली घाट. अंगानं दणकट आणि खाण्याला खमकी. लग्न ठरताना ती आमच्याकडे जेवायला आली होती, तेव्हा तिनं पाचव्या भाकरीला हात घातला आणि आईनं तिथंच सून पसंत केली. पण तिचा खालचा जबडा पुढं आलेला होता. समोरचे दात एकमेकांना लागत नसत, घास बाजूनं तोडावा लागे, आणि अलीकडे कानाजवळचा सांधा इतका दुखे की घाटातली वळणं ती दात दाबून काढायची. ऑपरेशन करायचं ठरलं.

ऑपरेशनचं शास्त्र जुनंच होतं. खालचा जबडा दोन्ही बाजूंनी कापायचा, मागं सरकवायचा, बारीक पट्ट्या आणि स्क्रूंनी पक्का करायचा. मग हाड सांधेपर्यंत वरचे-खालचे दात रबरांनी बांधून ठेवायचे. तेवढे आठवडे चावणं बंद, सगळं पातळ. खरा त्रास पुढंच असतो. भूक पोटात लागते असं आपण म्हणतो, पण पोट भरल्याचा निकाल मेंदू देतो, आणि त्याला घास चावल्याची साक्ष लागते. नुसतं पातळ पोटात गेलं की ते लवकर निघूनही जातं. त्यामुळे असे रुग्ण दिवसभर वखवखलेले असायचे. चिडायचे, रडायचे, कुणी चोरून पाव चघळायचं आणि स्क्रू ढिले करून घ्यायचं.

यावर दोन वर्षांपूर्वी तृप्तिबंध निघाला. मेंदूपासून पोटापर्यंत व्हेगस नावाची लांब नस उतरते. पोट किती ताणलंय ही बातमी त्याच नसेतून वर जाते. मानेत छोटा छेद घेऊन या नसेभोवती तांदळाच्या दाण्याएवढी एक पट्टी गुंडाळतात. ऑपरेशनआधी दहा दिवस ती नुसती ऐकते. हे माणूस किती खाल्लं की थांबतं, थांबताना नसेतून काय संदेश जातो, ते शिकून घेते. ऑपरेशननंतर ती बोलू लागते. पोट तेवढंच ताणलं, की ती तोच संदेश मेंदूला ऐकवते: पुरे. रुग्णाला अगदी आपल्या नेहमीच्या जेवणासारखं तृप्त वाटतं. त्यामुळे रुग्णालयांनी तासातासाला मोजून पाजण्याचे जुने तक्ते काढून टाकले होते. आता सूचना एकच होती: रुग्ण तृप्त होईपर्यंत पाजा.

डॉ. फरहाना मुजावर यांनी हे आम्हाला नीट समजावलं होतं. शांत, नेमकं बोलणाऱ्या बाई. त्यांनी तारीख आधीची दिली होती, पण आई अडून बसली.

"डॉक्टरीणबाई, पितृपक्षात चाकू लावायचा नाही अंगाला. दसरा होऊ दे. साडेतीन मुहूर्तांतला एक आहे. त्याच्यानंतर तुम्ही काय ते कापा."

डॉक्टर हसल्या आणि तारीख पुढं गेली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं; पट्टीचा मानेतला छोटा छेद तेवढा आईनं पितृपक्ष संपल्यावर चालवून घेतला.

ऑपरेशन छान झालं. वॉर्डातले बाकीचे रुग्ण नातेवाइकांवर डाफरत होते, कारण तृप्तिबंध सगळ्यांना परवडत नाही. आमची शर्वरी मात्र वाटीभर दूध प्यायची आणि डोळे मिटून निवांत पडायची. मोठे डॉक्टर शिकाऊ डॉक्टरांना तिच्याकडे बोट दाखवून सांगत, आदर्श रुग्ण असा असतो. मला तर कॉलर ताठ करावीशी वाटली.

वजन उतरणार हे आम्हाला आधीच सांगितलं होतं. पहिल्या महिन्यात पाच-सहा किलो जातातच म्हणे, मग परत येतात. शिवाय तोंड सुजून एवढं गरगरीत झालं होतं की बघणाऱ्याला वाटावं, बाईनं बाळसं धरलंय. घरी आल्यावर ती सैल गाऊनमध्ये असायची. सूज उतरू लागली तेव्हा नवा जबडा दिसला, रेखीव हनुवटी दिसली, आणि शेजारपाजारचे येऊन म्हणू लागले, "काय गोड दिसतेस गं!" गाऊनच्या आत काय चाललंय याकडे कुणी बघितलंच नाही. एकदा मी तिला उठवायला दंडाला धरलं, तर माझी बोटं एकमेकांना भिडली. त्या दिवशी मी काटा काढला.

आईनं सगळे उपाय केले. नाचणीचं सत्त्व, मुगाचं कढण, तूप घातलेली भाताची पेज, मिक्सरमधून दोनदा काढलेली खीर. शर्वरी सिरिंजनं गालाच्या आतून चार घोट घ्यायची आणि हात वर करायची.

"आत्या, पोट भरलं," ती बंद दातांतून आईला म्हणायची.

"अगं, चिमणीसुद्धा यापेक्षा जास्त खाते."

"खरंच भरलं."

मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटायची, तर ती खोटं बोलत नव्हती याची. नखरे करणाऱ्या माणसावर ओरडता येतं. ही खरोखर तृप्त होती. सणाच्या जेवणानंतर माणसाच्या चेहऱ्यावर जी सुस्ती येते ती तिच्या चेहऱ्यावर दिवसभर असायची, आणि त्याच्याखाली गळ्याची हाडं वर येत होती. मी ऑफिसात बसून फोनवर तृप्तिबंधाचं पान उघडायचो. हिरव्या अक्षरांत लिहिलेलं असायचं, 'रुग्णाची तृप्ती: पूर्ण.'

तपासणीला गेलो तेव्हा डॉ. मुजावरांनी जबड्याचं चित्र पडद्यावर घेतलं आणि दोनदा मोठं करून पाहिलं.

"कापलेल्या जागी नवं हाड धरायला हवं होतं. धरलेलं नाही," त्या म्हणाल्या. "भिंत बांधायची तर विटा नकोत का? शरीराला बाहेरून मिळत नाही, म्हणून ते स्वतःचेच स्नायू मोडून खातंय. असंच चाललं तर जबड्यातल्या पट्ट्या सुटतील. आणि त्याच्याआधी हृदयावर ताण येईल, ती काळजी मला जास्त आहे."

"मग तुमचं यंत्र काय करतंय?"

"तेच कळत नाही. यंत्र चोख चाललंय." त्यांनी पुन्हा आकडे पाहिले. "काही दिवस तृप्तीकडे बघू नका. घड्याळ लावून पाजा."

घड्याळ लावून पाजणं बोलायला सोपं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्यापुढं खिरीची वाटी घेऊन बसलो. दोन सिरिंज गेल्या. तिसरीला तिनं मान फिरवली. मी म्हटलं, "शर्वरी, डॉक्टरांनी सांगितलंय." चौथी मी जवळजवळ जबरदस्तीनंच दिली. तिच्या कपाळावर घाम आला, डोळे मोठे झाले, आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड धरलं. तिला उलटी होत होती. दात बांधलेल्या माणसाला उलटी झाली तर ती बाहेर यायला वाट नसते, श्वासात जाते. म्हणूनच रुग्णालयानं रबरं कापायची कात्री दिलेली असते. ती पलंगाच्या खिळ्याला टांगलेली होती. मला ती दिसेना. समोर होती, आणि दिसेना.

आईनं मला ढकललं, शर्वरीला पुढं वाकवलं, पाठीवर हात फिरवत राहिली. "नाकानं श्वास घे बाळा, नाकानं. वाकून राहा." नशिबानं थोडंच आलं आणि दातांच्या फटीतून गळून गेलं. कात्री लागली नाही. नंतर विसळताना माझ्या हातून वाटी फुटली. शर्वरीनं माझ्याकडे बघितलं ते एखाद्या मारकुट्या माणसाकडे बघावं तसं.

संध्याकाळी मी त्या खोलीत जायला धजावलो नाही, दाराशीच थांबलो. आईनं पेल्यात कोमट दूध आणि कुस्करून गाळलेलं केळं नेलं होतं. शर्वरीनं ते सावकाश संपवलं. आई आणखी ओतणार, तेवढ्यात तिनं पेल्यावर तळहात ठेवला. मग तोच हात कपाळाला लावला आणि डोळे मिटले.

आई ओतता ओतता थांबली.

"हे तर नवरात्रातलं," ती म्हणाली.

"काय?" मी विचारलं.

"अरे, नऊ दिवस उपवासाला ही अशीच करते की. एकवेळ पेलाभर दूध अन् केळं. झालं की पेल्यावर हात ठेवायचा, देवीला नमस्कार करायचा. शर्वरी, आज नमस्कार कुणाला केलास गं?"

शर्वरीनं आपल्या हाताकडे बघितलं. "माहीत नाही," ती म्हणाली. "आपोआप झालं."

मी बोटांवर दिवस मोजले. पट्टी बसवली ती घटस्थापनेच्याच दिवशी. तिथून दहा दिवस ती ऐकत होती. त्यातले नऊ दिवस आमच्या घरात घट बसलेले होते, आणि पाच भाकऱ्या खाणारी माझी बायको पेलाभर दुधावर हात ठेवून उठत होती. ऑपरेशन नीट पार पडावं म्हणून या वर्षी तर तिनं शेंगदाणासुद्धा तोंडात टाकला नव्हता. यंत्रानं ऐकलं ते इमानेइतबारे शिकून घेतलं. या बाईला एवढंच लागतं.

मी तिथल्या तिथं डॉक्टरांना फोन लावला. नऊ दिवसांच्या उपवासाचं सगळं सांगितलं.

"मी विचारलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "खाण्यापिण्याचं काही पथ्य आहे का? तुम्ही म्हणालात, काही नाही, सगळं खाते."

"पथ्य आजाऱ्याचं असतं हो डॉक्टर. उपवास देवीचा. तो कोण पथ्यात धरतं?"

"खरं आहे. मी रमजानात एकाही रोजेदाराला पट्टी बसवत नाही. स्वतः रोजे करते, म्हणून ते लक्षात राहतं. नवरात्र माझ्या डोक्यातच आलं नाही. कॅलेंडर समोर टांगलेलं होतं माझ्या." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चाचरला. "आता पुन्हा शिकवता येणार नाही. त्यासाठी तिला नेहमीसारखं चावून जेवावं लागेल. पट्टीचं बोलणं बंद करणं एवढाच उपाय आहे. पण त्याला शर्वरीची संमती हवी."

संमतीचं काय, असं मला वाटलं होतं. जीव वाचतोय म्हटल्यावर नाही कोण म्हणेल?

शर्वरी म्हणाली, नाही.

जास्त बोलायचं असलं की ती फोनवर लिहायची आणि फोन तिच्या आवाजात बोलायचा. ऑपरेशनआधी तिनं आपला आवाज मजेत भरून ठेवला होता, त्यामुळे भांडतानाही फोन हसतमुख बोले. ते ऐकवत नसे.

"शाळेत मला बकासूर म्हणायचे," फोन म्हणाला. "आगारात माझ्या डब्याला ट्रंक म्हणतात. जबडा असा, आणि वर ही भूक. घाट चढतानासुद्धा माझ्या डोक्यात डबा असायचा. आत्ता पहिल्यांदा आत शांत आहे. तुला ती शांतता बघवत नाही."

"तुझं हाड धरत नाहीये, शर्वरी."

"धरेल. घड्याळ लावून पिते मी."

"दुपारी काय झालं ते विसरलीस?"

"ते तू केलंस."

मी आईकडे बघितलं. आई पदरानं डोळे पुसत होती. इतक्या वर्षांत मी तिला सुनेपुढं रडताना पाहिलं नव्हतं.

"उपवासाला तुला भूक लागायची का गं?" आईनं विचारलं.

शर्वरीनं फोन उशीखाली सारला. मग दातांतून म्हणाली, "लागायची की. जीव जायचा."

"मला वाटायचं तुला सोपं जात असेल."

"सोपं असतं तर केलं कशाला असतं?" एवढं बोलून तिनं कुशीवर वळून घेतलं. तो विषय तिथंच राहिला.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. बाजारात काटे तपासताना सगळीकडे मला तिचाच आकडा दिसे. ती घड्याळ लावून प्यायची, मळमळायची, थांबायची. वजन उतरतच होतं. बोलली असती तर भांडलो असतो, पण ती समाधानानं पडून असायची आणि मी तिचा श्वास चालू आहे का ते बघायला उगाच खोलीत चकरा मारायचो.

रविवारी सकाळी तिनंच कपडे केले. खाकी शर्ट खांद्यावरून ओघळत होता. "आगारात चल," ती म्हणाली. "मी ठीक आहे, तुला दाखवते."

तिची गाडी चार्जिंगला लावलेली होती. आत कुणी नव्हतं. शर्वरी दारातला दांडा धरून चढली. पहिल्या पायरीवर थांबली, दुसरीवर थांबली. मी मागून हात पुढं केला, तो तिनं झटकला. सीटवर बसली आणि उगाचच आरसा नीट केला. ही तिची सवय. मग तिनं ब्रेकवर पाय दाबून धरला. घाटाच्या उतारावर धरतात तसा.

मी बाजूला उभा होतो. आधी तिचा गुडघा थरथरला, मग मांडी. तिनं ओठ आवळले, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं. पाय आपोआप वर येत होता, ती पुन्हा दाबत होती. शेवटी पाय ब्रेकवरून घसरला आणि फरशीवर आपटला. गाडी बंदच होती, जागची हललीसुद्धा नाही. पण शर्वरी पांढरीफटक पडली. तिनं डोक्यावरच्या आरशात बघितलं. मागं नुसत्या रिकाम्या सीटा होत्या. ती त्यांच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

"मागं माणसं बसतात," ती म्हणाली.

मी तिच्या पायाशी उकिडवा बसलो.

"पोरंबाळं घेऊन बसतात, ऋतुराज." तिनं पायावर हात ठेवला. तो अजून थरथरत होता. "बंद करायला सांग त्यांना."

डॉ. मुजावरांनी तिच्या मानेजवळ एक छोटं यंत्र धरलं आणि पट्टीचं बोलणं बंद केलं. ऐकणं चालू राहील, म्हणाल्या, म्हणजे आम्हाला फोनवर कळत राहील. मला वाटलं होतं, शर्वरी लगेच ताटावर तुटून पडेल. तसं काही झालं नाही. त्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी नाही. पेलाभर दूध, आणि वर तळहात. डॉक्टर म्हणाल्या होत्या, एवढे दिवस गप्प केलेली भूक परत येईलच असं छातीठोक सांगता येत नाही, वाट बघा. वाट बघणं हे जगातलं सगळ्यात वाईट काम आहे. आई देव्हाऱ्यापुढं बसायची ती उठायचीच नाही. मी म्हटलं, आता नवसबिवस बोलू नकोस हं, उपवासाचा तर मुळीच नको. आई म्हणाली, गप बस मेल्या.

पुढच्या दिवशी सकाळी आईनं आमटीला फोडणी दिली. लसूण तडतडला, कढीपत्ता पडला. मी दाढी करत होतो. मागं पावलं वाजली म्हणून वळलो, तर शर्वरी भिंतीला धरून स्वयंपाकघराच्या दाराशी उभी. तिचे डोळे वाहत होते. मला वाटलं, काहीतरी दुखतंय, जबड्यातली पट्टी सुटली. मी तसाच फेस लागल्या तोंडानं धावलो.

"काय झालं? कुठं दुखतंय?"

तिनं माझ्या बनियनची मूठ धरली.

"भूक लागलीय," ती म्हणाली. आणि मग रागानं, रडत, बांधलेल्या दातांतून थुंकी उडवत, "भूक लागलीय मला! किती लागलीय! तुला हेच हवं होतं ना?"

"हो," मी म्हणालो. मला दुसरं काही सुचलं नाही. मीही रडत होतो.

आईनं आमटीचा वरचा पातळ कट वाटीत काढला, तूप सोडलं, पेज घालून गाळलं. घाईत निम्मं ओट्यावर सांडलं. शर्वरीला सिरिंज भरायलाही धीर नव्हता. तिनं वाटीच तोंडाला लावली आणि दातांच्या फटींतून ओढत, हनुवटीवरून ओघळ गळत, उभ्यानं पीत राहिली. नवी, रेखीव हनुवटी आमटीनं लाल झाली होती. माझ्या खिशातला फोन थरथरला. बघितलं, तर लाल अक्षरं होती: 'रुग्णाची तृप्ती: शून्य. त्वरित संपर्क साधा.'

वाटी संपली. आईनं सवयीनं पातेल्यावर झाकण ठेवलं. आम्ही दोघंही शर्वरीच्या हाताकडे बघत होतो.

तळहात वाटीवर गेला नाही. तिनं वाटी पुढं केली.

"आणखी," ती म्हणाली.